चार बोटं सोडून

संगणकावर कोरं पान उघडलं की मी सगळ्यात आधी चार रेघा ओढते. एक वरून, एक खालून, दोन बाजूंनी. कडेच्या मापपट्टीवरून माउसने धरून आत आणायच्या, फिकट निळ्या, केसाएवढ्या बारीक. त्या छापून येत नाहीत. तयार चित्र कोणाला पाठवलं तरी त्याला त्या दिसत नाहीत. दिसतात फक्त करणारीला. रेघांच्या आत नाव, चेहरा, तारीख, वेळ, ठिकाण. बाहेर नुसता रंग, वेलबुट्टी, ढगबिग. बाहेरचं कापलं गेलं, दुमडलं गेलं, फोनच्या बटणांखाली गेलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. हे काम शिकवणारे त्याला सुरक्षित जागा म्हणतात. आमच्या दुकानात त्याला चार बोटं म्हणत.

बोटं बाबांची. बाबा मूळचे पेंटर. दारव्ह्यातल्या अर्ध्याअधिक दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, बियाण्यांच्या जाहिराती, सगळं त्यांच्या हातचं. लिहायला बसण्याआधी ते गेरूत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणत आणि मधून उचलून सोडत. भिंतीवर सरळ तांबडी रेघ उमटायची. कडेपासून पहिली रेघ किती आत, तर उजव्या हाताची चार बोटं आडवी ठेवायची. "अक्षर कडीले गेलं का पाटी गरीब दिसते," असं ते म्हणत. मग फ्लेक्स आलं आणि पाट्या लिहून घेणारे एकेक करून संपले. बाबांनी ब्रश धुऊन डब्यात घातले, एक जुना संगणक आणला आणि त्याच्यासमोर मला बसवलं. मी तेव्हा नुकती बी.ए. झाले होते आणि यवतमाळला सहा महिन्यांचा डिझाइनचा क्लास करून आले होते. "थोडे दिवस पाह्य, मंग पाहू तुहं," असं ते म्हणाले. ते थोडे दिवस सहा वर्षं चालले.

दुकानात छपाईचं मशीन नव्हतं. मी डिझाइन करायचं, यवतमाळला पाठवायचं, संध्याकाळच्या जीपने फ्लेक्सची गुंडाळी यायची. पुढचं काम बाबांचं. ते लाकडी पट्ट्यांची चौकट बनवत, फ्लेक्स तिच्यावर ताणत, चारही कडा चार-चार बोटं मागे दुमडत आणि मागून बारीक खिळे मारत. दोन खिळ्यांमध्ये बरोबर एक वीत. वीत टाकायची, खिळा मारायचा. वीत टाकायची, खिळा मारायचा. शंभर बॅनर पालथे घातले तरी वीत चुकलेली सापडायची नाही. मागची बाजू कोण पाहतं, असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "म्या पाहतो ना."

ही दुमड नेमकी किती हे कळावं म्हणून मी एके दिवशी फूटपट्टी घेऊन त्यांची चार बोटं मोजली. सव्वातीन इंच भरली. माझी अडीच. मी संगणकात त्यांचं माप घातलं आणि प्रत्येक नव्या कामाला तेवढ्यावर निळ्या रेघा टाकू लागले. सव्वातीन इंचांच्या बाहेरचं जे काही असेल ते मागे जाणार, खिळ्यांखाली.

हे न पाळल्याने एकदा फजिती झाली होती. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर होतं. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, बावीस. आमच्याकडे बॅनरवर पुढारी एक असतो आणि बाकी सगळं त्याच्याजवळ कोण उभं राहणार याचं भांडण असतं. फाईल पाठवायच्या दहा मिनिटं आधी तेविसावा आला. "ताई, कुठीबी टाका, पन टाका." जागाच नव्हती. मी त्याला चिडून रेघेवर बसवलं. दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागलं तेव्हा समोरून त्याचा एक कान आणि अर्धा गॉगल दिसत होता. उरलेला माणूस मागे दुमडला गेला होता. तो गृहस्थ बॅनरच्या मागे जाऊन, मान वाकडी करून स्वतःला पाहून आला आणि तडक दुकानात. "माहं तोंड मांगं काहून गेलं?" बाबांनी त्याला चहा पाजला. मी संगणकाकडे तोंड करून हसू दाबत बसले. हसले, पण त्या दिवसापासून कोणालाही रेघेबाहेर बसवलं नाही.

हसण्याचे दिवस तसे कमीच. दुकान दहा बाय आठचं. संगणक आतल्या भिंतीला, माझी पाठ रस्त्याकडे. माझ्या खुर्चीमागे गिऱ्हाइकांचा बाक, बाकामागे फ्लेक्सच्या गुंडाळ्या, गुंडाळ्यांमागे दारात बाबांचा स्टूल. मला बाहेर जायचं झालं तर आधी बाकावरच्यांनी उठायचं, मग गुंडाळ्या सरकवायच्या, मग बाबांनी स्टूल उचलायचा. आणि प्रत्येकाने विचारायचं, "कुठं चालली?" पाणी प्यायला उठायचं म्हटलं तरी चारचौघांत जाहीर व्हायचं. म्हणून मी पाणीच कमी प्यायचे. मानेमागे सतत कोणाचा तरी श्वास, तंबाखूच्या खर्ऱ्याचा वास आणि स्क्रीनवर टेकवलेलं बोट: "हे जरासं मोठं करा ना ताई." कधी कधी मला वाटायचं की उठावं, आणि सगळ्यांना तुडवत, गुंडाळ्या उधळत सरळ एस.टी. स्टँड गाठावा. वाटायचं आणि मी पुढचं बॅनर उघडायचे.

आई मी सातवीत असतानाच गेली. घरात मोठं माणूस म्हणजे आर्णीची आत्या. ती महिन्यातून दोनदा यायची आणि आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आधी माझ्या लग्नाचा विषय काढायची.

त्याच सुमारास फोनवरच्या चित्रांची कामं वाढली. स्टेटसला ठेवायचं बारसं, दुकानाचं उद्घाटन, दहावा, तेरवी. तिथे खिळे नसतात, पण चार बोटं असतातच. उभ्या चित्राच्या वर पाठवणाऱ्याचं नाव येतं, खाली उत्तर लिहायची पट्टी येते. मजकूर त्यांच्याखाली गेला की गेला. ग्रुपवर टाकलेलं उभं चित्र तर नुसतं मधलंच दिसतं. वरचं-खालचं पाहायला ते बोटाने उघडावं लागतं, आणि आमच्याकडे कोणी उघडत नाही. वरवर पाहतात, हात जोडल्याचं चिन्ह टाकतात, पुढे सरकतात. म्हणून मी मध्ये आणखी एक चौकट आखायचे आणि सगळं कामाचं तिच्यात बसवायचे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. लोकांच्या आळसाने शिकवलं.

पुण्याच्या एका कंपनीला असंच माणूस हवं होतं. फोनवरची चित्रं करणारं. मी दुकानात बसूनच अर्ज केला. त्यांनी परीक्षा म्हणून एकच जाहिरात दिली आणि ती उभी, चौकोनी आणि आडवी अशा तीन मापांत मागितली. तिन्हींत कुठेच काही कापलं जायला नको. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, स्क्रीनवर कोणाच्या तरी नातवाचं बारसं अर्धं झाकून, मी ते दोन दिवसांत केलं. निवड झाली. पहिली दोन वर्षं तिथे येऊनच काम करावं लागेल, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत कळवा, असं त्यांनी लिहिलं. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की डोळे मिटले तरी ओळी दिसत. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामासाठी कोणीतरी दुसरीकडे बोलावलं होतं.

बाबांना सांगितलं. ते चौकटीची पट्टी कापत होते. करवत थांबली, पुन्हा सुरू झाली. "पाहू," एवढंच म्हणाले.

त्यांचं पाहणं म्हणजे आत्याला फोन. ती दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीने हजर.

"एकटी पोरगी पुन्याले जाऊन राह्यन? अन् लोकाइले काय सांगाचं? आंधी लगन होऊ दे. मंग नवऱ्यानं नेलं त अमेरिकेले जाय."

"नवरा इथल्याच राळेगावचा निघाला तर?"

"त राळेगावले जाय," आत्या म्हणाली. तिला यात विनोद दिसला नाही.

आणि मग तिने मला माझाच बायोडाटा करायला बसवलं. तालुक्यातल्या निदान दोनशे पोरापोरींचे बायोडाटा मी केले होते. वर गणपती, सोनेरी किनार, उजवीकडे फोटो, जन्मवेळ, उंची, मामाचं गाव, शेवटी अपेक्षा. मुलींच्या अपेक्षा मला पाठ झाल्या होत्या: मुलगा नोकरीवाला पाहिजे, घरी शेती पाहिजे, आणि त्या शेतात आपल्याला जावं लागायला नको. मी खुशाल टाइप करायचे आणि मनातल्या मनात हसायचे. आता आत्या माझ्या मानेमागे बसली होती आणि माझीच उंची मला सांगत होती. रंग सावळा नको, गव्हाळ लिही. चष्म्याचा फोटो नको. मी निमूट लिहीत होते. शेवटी मी माझी ओळ टाकली, फोटोच्या बरोबर खाली, मधल्या चौकटीत, ठळक: पुण्यात नोकरीसाठी निवड झाली आहे, लग्नानंतरही नोकरी करणार.

"हे काय लिहून राह्यली? काढ थे."

"नाही काढणार."

"अवं, असं पाहून कोन येईन तुले पाह्याले? काढ म्हनलं ना!"

"खोटं आहे का काही?"

आमचे आवाज चढले. बाकावर बसलेले दोघेजण मूग गिळून ऐकत होते. उद्या ते गावभर सांगणार हे मला दिसत होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा दारात स्टूलवर, हातात हातोडी, तोंड रस्त्याकडे. मग मागे न वळता म्हणाले, "राहू दे तिची ओळ. चार बोटाच्या बाहीर ठेवजो, म्हंजे झालं."

आत्याला ते कळलं नाही. मला कळलं. ओळ खोडायची नाही, पण दुमडीत ठेवायची. तिचंही राहील, माझंही राहील, आणि दिसणार कोणालाच नाही. एवढा राग मला आत्याचाही आला नव्हता. वाटलं, म्हणावं की बाबा, नाही म्हणायचं असेल तर तोंडाने नाही म्हणा. पण मी म्हटलं नाही. मी ती ओळ माउसने धरली, खाली ओढली, निळ्या रेघेच्या पार, अगदी कडेला नेली आणि अक्षरं बारीक केली. हा बायोडाटा फोनवर कसा पाहिला जाणार हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी ते माझ्या हाताने केलं. रागाने केलं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

आठ दिवसांत राळेगावचं स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, घरी सहा एकर. दोनशे बायोडाट्यांतली अपेक्षा माझ्या दारात येऊन उभी राहिली. पाहुणे आले, कांदेपोहे झाले, आत्याने माझ्या कामाचं कौतुक केलं, "घरी बसून कंपूटरचं करते" अशा शब्दांत. मी वाट पाहत होते की आता कोणीतरी विचारेल: पुण्याचं काय? मुलाच्या मामांनी स्वयंपाकाचं विचारलं. मुलाने विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. मी विचारलं, "तुम्ही माझा बायोडाटा पूर्ण पाहिला का?" तो साधा माणूस. लाजून हसला. "पाह्यला ना. फोटो चांगला हाय."

सगळे हसले. मीही हसले असेन. म्हणायला हवं होतं, तेव्हाच, तिथेच. पण खोलीत चौदा माणसं होती, दारात चपलांचा ढीग होता, आत्याचा हात माझ्या पाठीवर होता. आणि मी काय सांगणार होते? लपवलं म्हणावं, तर लिहिलं होतं. सांगितलं म्हणावं, तर वाचता येणार नाही अशा जागी मीच ठेवलं होतं. पाहुण्यांनी जाता जाता होकार कळवला आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरली, त्याच महिन्याची सव्वीस. पुण्याला कळवायची मुदत त्यानंतर पाच दिवसांनी संपत होती.

साक्षगंधाचं बॅनर अर्थात आमच्याच दुकानात. आठ बाय चार. दुसरीकडून करून घेतलं असतं तर आत्याच्या मते लोकांनी नावं ठेवली असती. म्हणजे ते मीच करायचं. मी रेघा ओढल्या, सव्वातीन इंच आत. मध्ये दोघांची नावं, दोघांचे फोटो, गुलाब. आत्या आर्णीला गेली होती, बाकावर कोणी नव्हतं, बाबा लाकूड आणायला गेले होते. मी खालच्या रेघेच्या बाहेरच्या पट्टीत गेले आणि एक ओळ लिहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून, गुलाबी रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत:

बाबा, मला पुण्याला नोकरीला जायचं आहे.

ती पाहुण्यांसाठी नव्हतीच. चौकट बाबा ठोकणार. खालची कड मागे दुमडल्यावर ती ओळ बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येणार, आणि दुसऱ्या कोणाच्याही नाही. समोरासमोर मला बोलता येत नव्हतं, त्यांनाही येत नव्हतं. आमच्या घरात बोलण्याची हीच एक जागा उरली होती. मी फाईल पाठवली आणि पुढचं बॅनर उघडलं.

सव्वीसला सकाळी मंगल कार्यालयात बाबा चौकट ठोकत होते. मला आतल्या खोलीत बसवलं होतं. साडी, फुलं, मावश्यांचा गराडा. भिंतीपलीकडून हातोडीचा आवाज येत होता. मी मोजत होते. त्यांच्या हातोडीची लय मला लहानपणापासून माहीत, वीत टाकायला लागतो तेवढाच वेळ मध्ये जातो. एक कड झाली. दुसरी झाली. तिसरी. मग आवाज थांबला. आता ते येतील, दार लोटतील, मावश्यांना बाहेर काढतील, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी फुलं काढून ठेवायला हातसुद्धा वर नेला.

हातोडी पुन्हा सुरू झाली. जरा अडखळत, मध्ये थांबत, मग पुढे. आणि संपली.

मला बाहेर नेलं तेव्हा बॅनर भिंतीला लागलेलं होतं, चारही बाजूंनी ताठ, एकही सुरकुती नाही. बाबा हात पुसत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बरोबर बसलं." मी स्वतःला समजावलं की त्यांनी वाचलं नाही. घाई होती, मांडववाला ओरडत होता, अक्षरं बारीक होती, त्यांची नजरही आता पूर्वीसारखी नव्हती. वाचलं असतं तर काहीतरी केलं असतं. ही समजूत मला पुढे फार उपयोगी पडली. बाबांवर रागवायची गरज उरली नाही. एक तारखेला मी पुण्याला घरगुती अडचण असं लिहून पाठवलं. त्यांनी दोन ओळींत शुभेच्छा दिल्या.

याला आता तीन वर्षं झाली. मी राळेगावला आहे. नवरा चांगला आहे, त्यात खोट काढणार नाही. त्याने एक लॅपटॉप आणून दिला. स्वयंपाकघरातून शेतातल्या सामानाच्या खोलीकडे जायच्या बोळात एक टेबल बसतं, तिथे मी बसते. येणारा-जाणारा प्रत्येकजण माझ्या खुर्चीला धक्का देऊन जातो. बारशाची, वाढदिवसाची चित्रं करते. कोरं पान उघडते, चार रेघा ओढते. पुण्याबद्दल मी इथे कोणालाच काही बोलले नाही. बोलायचं काही उरलंच नव्हतं, असं वाटायचं.

बाबा दर हंगामात येतात आणि दुकानातली वापरून झालेली फ्लेक्सं गुंडाळून घेऊन येतात. सोयाबीनच्या ढिगावर टाकायला त्याच्यासारखं काही नाही. आमच्या शेतात तुम्हाला कधी पुढारी उताणा पडलेला दिसेल, कधी कोणाची तेरवी. गेल्या हंगामात त्यांनी अशीच मोठी गुंडाळी आणून अंगणात ठेवली, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत गेले. नेहमीपेक्षा कमी बोलले; पण नेहमीच कमी बोलतात.

दोन दिवसांनी दुपारी आभाळ आलं. सोयाबीन उघड्यावर. नवरा कामावर, म्हणून सासूबाई आणि मी गुंडाळी घेऊन धावलो. सासूबाई चौथी शिकलेल्या, पण दिसेल ते वाचायची त्यांना भारी हौस. बियाण्याच्या पिशव्या, औषधाच्या बाटल्या, पुडीचा कागद, सगळं एकेक अक्षर लावत मोठ्याने. बाहेरची दोन फ्लेक्सं निघाली. सगळ्यात आतलं उलगडलं तर गुलाब. मग माझं तोंड, मग नवऱ्याचं. खिळे उपटून काढलेले, चारही दुमडी उलगडून सरळ केलेल्या.

"अवं, हे त तुमचंच!" सासूबाईंना हसू आलं. मग त्या खालच्या कडेला वाकल्या. "अन् हे काय लिहेल हाय... बाबा... मले... नाई, म-ला... पुन्याला... नोकरीला... जायचं... आहे." त्यांनी मान वर केली. "हे कोनं लिहिलं?"

"मी."

"साक्षगंधाच्या वक्ती?"

"हो."

त्यांनी ओळ पुन्हा एकदा पाहिली, मग माझ्याकडे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मंग गेली काहून नाही वं?"

तीन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. इतकं सोपं विचारतात हे मला माहीत नव्हतं. तोंडून निघालं, "कोणी वाचलंच नाही, आई."

"वाऱ्यानं उडून जाईन. तिकून गोटा ठेव," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या टोकाला गेल्या.

मी दगड घेऊन कडेला बसले. फ्लेक्सला खिळ्यांची भोकं होती, भोवती गंजाची तांबडी कडी. वरच्या कडेला वीत टाकून पाहिली, सवयीनेच. बरोबर एक वीत. माझी वीत लहान, थोडं अंतर उरत होतं, पण सगळीकडे सारखंच उरत होतं. डावी कड, तीच वीत. उजवी, तीच. मग खालची.

खालच्या कडेला वीत नव्हती. पहिलं भोक 'बाबा'च्या अलीकडे, अगदी टोकाला. दुसरं 'बाबा' आणि 'मला'च्या मध्ये, कसंबसं. मग 'पुण्याला'च्या आधी. मग लांबच लांब काही नाही, आख्खा 'पुण्याला' मोकळा, आणि त्यानंतरच्या फटीत एक. तसंच 'नोकरीला'च्या पुढे, 'जायचं'च्या पुढे. शेवटचं 'आहे'च्या पलीकडे. कुठे दोन भोकं जवळजवळ, कुठे हातभर लांब. जन्मभर वीत न चुकलेल्या माणसाने मारलेले खिळे.

मी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवून पाहिलं. एकाही अक्षराला छिद्र नव्हतं.